आधी सेल, मग टॉर्च

"अडीअडचणीला ठेवायला छोटासा टॉर्च कुठला घेऊ गं?" असं कुणी विचारलं की मी उलटा प्रश्न विचारते, तुमच्या जवळच्या दुकानात सेल कुठले मिळतात? समोरच्याला हा प्रश्न जरा विचित्र वाटतो, कारण त्याच्या मोबाईलवर आधीच शॉपिंगचं ॲप उघडलेलं असतं आणि त्यात दोन हजार लुमेनचा (लुमेन म्हणजे टॉर्चमधून किती उजेड निघतो त्याचं माप), अमुक किलोमीटर फेकणारा, काळा चकचकीत टॉर्च दिसत असतो. पण माझं म्हणणं अगदी साधं आहे. टॉर्च एकदाच घ्यायचा असतो, सेल मात्र पुन्हा पुन्हा लागणार, आणि ते नेमके अशा दिवशी लागणार ज्या दिवशी कुरियर येत नाही, रस्त्यावर झाड पडलंय आणि तालुक्याला जाणारी एसटी बंद आहे. त्या दिवशी चालत जाऊन जे हातात मिळेल, त्याच्यावर तुमचा टॉर्च लागला पाहिजे.

माझं माहेर श्रीवर्धनच्या जवळ. तिथल्या दुकानात काउंटरच्या मागे शाम्पूच्या पुड्यांशेजारी सेलची पट्टी लटकत असते. पेन्सिल सेल, रिमोटचे बारके सेल, आणि सांगून ठेवलं तर जुन्या टॉर्चमध्ये जायचे ते जाडे सेल. बस. ऑनलाइन टॉर्चच्या दुनियेत ज्यांची नावं घेतली जातात ते १८६५० आणि सीआर१२३ वगैरे तिथे कुणी ठेवत नाही, आणि ठेवावेत अशी अपेक्षाही नाही. पेन्सिल सेल म्हणजे पाकिटावर ज्याला डबल ए लिहिलेलं असतं तो, बारका म्हणजे ट्रिपल ए. माझं सगळं गणित या दोन सेलांपासून सुरू होतं.

हे गणित मला निसर्ग वादळाने शिकवलं. ३ जून २०२० ला दुपारी ते वादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं, वारा ताशी ११०-१२० किलोमीटरचा, आणि काही तासांत वाड्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. माड, पोफळी, आंबे, फणस. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या बागांतून येते त्या बागाच राहिल्या नाहीत. आणि झाडांबरोबर विजेचे खांब. एखाद-दुसरा खांब पडला तर लाईनमन तो दिवसभरात उभा करतात, पण इथे गावंच्या गावं खांबांशिवाय झाली होती. दुसऱ्या जिल्ह्यांतून माणसं आली, भर पावसात चिखलात खड्डे खणत राबली, त्यांचं करावं तेवढं कौतुक थोडं आहे, तरी किती तरी वाड्यांना लाईट यायला कित्येक आठवडे लागले. त्यात करोनाचा काळ. मी पुण्यात, मोबाईलचे टॉवर बंद त्यामुळे फोन लागत नाही, आणि आई-बाबा, दादा-वहिनी तिकडे.

नंतर दादाने जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. आधी इन्व्हर्टर गेला. मग चार्जिंगचा दिवा गेला. मग पॉवर बँक, मग एकेक करत सगळ्यांचे फोन. घरात उजेड देणाऱ्या चार-पाच वस्तू होत्या पण सगळ्या शेवटी भिंतीतल्या त्याच प्लगवर जगणाऱ्या, त्यामुळे प्लग मेल्यावर त्या थोड्या मागेपुढे करत सगळ्याच मेल्या. मग बाबांनी दादाला स्टुलावर चढवून बाहेरच्या खोलीतलं घड्याळ उतरवलं, त्यातला पेन्सिल सेल काढला आणि दादाकडे एका सेलवर चालणारा बोटाएवढा टॉर्च होता त्यात घातला. लागला. तो सेल उतरल्यावर स्वयंपाकघरातल्या घड्याळातला. दुकानातल्या पट्टीवरचे सेल तोपर्यंत गावाने संपवले होते.

भिंतीवरचं घड्याळ सेलमधून इतकी कमी वीज खातं की एक साधा सेल त्यात वर्ष-दीड वर्ष टिकतो, म्हणजे कुठल्याही दिवशी तुमच्या घरातल्या घड्याळात बऱ्यापैकी भरलेला एक पेन्सिल सेल असतोच. रिमोटचंही तेच, आणि लाईट गेल्यावर टीव्ही कोण बघणार आहे. म्हणजे पेन्सिल सेलवर किंवा बारक्या सेलवर चालणारा टॉर्च घेतला की घरातली घड्याळं, रिमोट, मुलांची खेळणी, वजनकाटा हे सगळं तुमचं सेलचं कोठार होतं. दुसऱ्या कुठल्याही सेलला ही सोय नाही.

आता सेल एक की दोन की तीन? बाजारात स्वस्तातले जे छोटे टॉर्च मिळतात, पुढे नऊ बारीक एलईडी असलेले, त्यात तीन बारके सेल एका प्लास्टिकच्या पिंजऱ्यात बसवायचे असतात. ते असे असतात कारण पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण ३ व्होल्ट लागतात, एक सेल दीड व्होल्टचा, मग तीन सेल ओळीने लावले की साडेचार होतात आणि कसलंही सर्किट न घालता काम भागतं. बनवणाऱ्याची सोय झाली. वापरणाऱ्याची गैरसोय अशी की एकाच वेळी तीन चांगले सेल शोधावे लागतात. एक नवा, एक घड्याळातला, एक रिमोटमधला असे मिसळून घातले की सगळ्यात अशक्त असतो तो आधी रिकामा होतो, बाकीचे दोघे त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहतात आणि तो गळायला लागतो. शिवाय त्या पिंजऱ्याची पत्र्याची टोकं आमच्या समुद्राच्या हवेत एका पावसाळ्यात गंजतात.

एका सेलच्या चांगल्या टॉर्चमध्ये आत एक छोटंसं सर्किट असतं जे सेलचं व्होल्टेज वाढवून एलईडीला देतं. सेल दीडवरून एकपर्यंत उतरला तरी ते ओढून ओढून उजेड देत राहतं. घड्याळातला अर्धा वापरलेला सेल अशा टॉर्चमध्ये सुखाने चालतो. म्हणून माझं मत पक्कं आहे, घरासाठी एका पेन्सिल सेलचा टॉर्च. बारक्या सेलचा टॉर्च किल्ल्यांना अडकवायला, पर्समध्ये ठेवायला छान, पण त्या सेलात पेन्सिल सेलच्या निम्म्याहूनही कमी दम असतो आणि रात्र मोठी असली की तो फरक जाणवतो.

रात्र मोठी असली की, हे मुद्दाम म्हणते, कारण लुमेनच्या मागे लागणाऱ्यांना रात्रीची लांबी आठवत नाही. एका अल्कलाइन पेन्सिल सेलात अडीच-तीन वॉट-तास एवढीच वीज असते. ती तुम्ही तीनशे लुमेनवर उधळली तर काही मिनिटांचा झगमगाट, मग टॉर्च गरम होतो, सेल दबतो, उजेड उतरतो. तीच वीज दहा-पंधरा लुमेनवर वापरली तर चांगला टॉर्च पंधरा-वीस तास सहज चालतो. आणि दहा लुमेन म्हणजे काही कमी नाही. ज्या घरात सगळीकडे काळोख आहे तिथे डोळे सरावल्यावर दहा लुमेनमध्ये भात शिजतो, औषधाच्या गोळ्यांची नावं वाचता येतात, लहान मूल घाबरत नाही. टॉर्च छताकडे तोंड करून तांब्यात उभा केला की खोलीभर मंद उजेड पसरतो. म्हणून टॉर्च घेताना उजेडाची सगळ्यात वरची पायरी किती लुमेनची हे नंतर बघा, सगळ्यात खालची किती आणि तिच्यावर किती तास चालतो ते आधी बघा. आणि बटण दाबल्यावर तो खालचाच उजेड पहिल्यांदा लागत असेल तर फार उत्तम, कारण साधे स्वस्त सेल मोठा भार पेलत नाहीत, थेट वरच्या उजेडावर ते दम टाकतात पण खालच्यावर गुणी चालतात.

पाकिटावरचे आकडे कसे वाचायचे हेही सांगते. बऱ्या कंपन्या एएनएसआय एफएल१ नावाच्या अमेरिकन मानकाप्रमाणे आकडे देतात, हे २००९ मध्ये आलं. त्यात 'इतके तास चालतो' याचा अर्थ असा की सुरुवातीचा उजेड उतरत उतरत दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ, म्हणजे दोनशे लुमेन दहा तास असं लिहिलं असेल तर त्या दहा तासांतला बराचसा वेळ त्याहून पुष्कळ कमी उजेडातला असू शकतो. आणि 'इतके मीटर' म्हणजे तितक्या अंतरावर पाव लक्स उजेड पोचतो, पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याएवढा. शंभर मीटरवर चांदणं पडलं तर तिथे माणूस उभा आहे एवढंच कळेल, कोण आहे ते नाही. घरगुती टॉर्चला या फेकीची गरजच नसते. अंगण, विहिरीची वाट, गोठा, जिना. उजेड जवळ आणि पसरून पडला पाहिजे. ज्या पाकिटावर हे मानकाचं चिन्हच नाही आणि लाखभर लुमेन लिहिलेत, तो मी हातातसुद्धा घेत नाही.

सेलांबद्दल मी जास्त बोलणार आहे कारण खरी ग्यानबाची मेख तिथे आहे. पेन्सिल सेल सगळे सारखे दिसतात पण आत वेगळे. साधा स्वस्त सेल असतो त्यावर बहुतेक वेळा बारीक अक्षरात आर६ लिहिलेलं असतं, आणि अल्कलाइन असेल तर एलआर६. तो एक 'एल' बघायचा. साध्या सेलात जस्ताचा डबा हाच सेलचा एक भाग असतो, वीज देता देता तो डबाच आतून खाल्ला जातो, म्हणून जुना झाला की त्याला भोकं पडतात आणि चिकट पाणी बाहेर येतं. लहानपणी आम्ही रेडिओचे उतरलेले सेल उन्हात वाळवत ठेवायचो आणि संध्याकाळच्या बातम्यांपुरता त्यांना जीव यायचा, तो याच सेलांना. उबेने आतली क्रिया जरा जोरात चालते एवढंच, वीज काही वाढत नाही.

अल्कलाइनमध्ये त्याच्या तिप्पट-चौपट वीज असते, तारीख पण लांबची असते, पण तोही गळतो आणि गळाला की वाईट गळतो. ती पांढरी बुरशी दिसते ना स्प्रिंगला, ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडची करामत, आणि ते ॲल्युमिनियमला खातं. टॉर्चची नळी ॲल्युमिनियमची असली तर सेल फुगून आत असा रुतून बसतो की टॉर्च फेकूनच द्यावा लागतो. म्हणून अडीअडचणीच्या टॉर्चमध्ये अल्कलाइन घालून तो दोन-दोन वर्षं कपाटात विसरून जायचं नाही. सेल बाहेर ठेवा, टॉर्चला रबर लावून बाजूलाच बांधून ठेवा, अंधारातही हाताला लागतो आणि घालायला दहा सेकंद पुरतात. थोडंफार गळून पांढरं जमलंच असेल तर हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्याला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून पुसायचं, मग कोरडं करायचं.

सेल उरलाय का संपलाय हे बघायला टेबलावर उभा सोडून आपटून बघायची युक्ती व्हॉट्सॲपवर फिरत असते, उसळला तर संपला म्हणे. प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे तपासलं होतं. अल्कलाइन सेल वापरला जातो तसं आतल्या जस्ताच्या लगद्याचं ऑक्साइड होऊन तो कडक होतो आणि सेल उसळायला लागतो, पण ही उसळी सेल अर्धा भरलेला असतानाच जवळजवळ पूर्ण झालेली असते. म्हणजे उसळलेला सेल नवा नाही एवढंच कळतं. टाकून देऊ नका, खालच्या उजेडावर तो एक रात्र काढून देईल.

चार्जिंगचे पेन्सिल सेल मिळतात, निकेल मेटल हायड्राइडचे, सव्वा व्होल्टच्या आसपास, ते सर्किटवाल्या टॉर्चमध्ये अगदी झकास चालतात आणि गळण्याची भीती जवळपास नाही. त्यातले चार्ज टिकवून धरणारे घ्यायचे, २००५ मध्ये सान्योने एनेलूप काढले तेव्हापासून ते मिळायला लागले, एरवी जुन्या पद्धतीचे कपाटात ठेवल्या ठेवल्या काही महिन्यांत रिकामे होतात. माझ्या घरी रोजच्या वापराला हेच आहेत आणि आणीबाणीला लिथियमचे, दीड व्होल्टचे, एकदाच वापरायचे. महाग आहेत, पण वजनाला हलके, गळत नाहीत म्हटलं तरी चालेल आणि पंधरा-वीस वर्षं पडून राहिले तरी तयार. बाबांच्या टॉर्चमध्ये मी तेच घालून ठेवलेत.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. पेन्सिल सेलच्या अगदी त्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल मिळतो, तो ३.७ व्होल्टचा असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. टॉर्चवर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच तो घालायचा. घरात असा सेल ठेवूच नका असं मी म्हणेन, कारण अंधारात कुणीतरी तो उचलून घड्याळात, रिमोटमध्ये, मुलाच्या खेळण्यात घालणार.

भिंतीत खुपसून चार्ज करायचे जे स्वस्त टॉर्च मिळतात त्यांच्याबद्दल पण विचारतात. त्यातल्या बऱ्याचशांत शिशाची बॅटरी असते, तिचा स्वभाव असा की रिकामी ठेवली की ती कायमची बिघडते. रोज वापरणाऱ्याला ठीक. पण आणीबाणीची वस्तू म्हणजे जी महिनोन् महिने वापरली जात नाही, आणि नेमकी अशीच वस्तू त्या बॅटरीला सोसत नाही.

आता हाताचं. बाबा पंच्याहत्तरीच्या पुढचे, बोटांत संधिवात. डोकं पिळून लावायचा टॉर्च असतो तो फार भरवशाचा, बिघडायला त्यात काही नसतंच, पण बाबांना तो पिळता येत नाही. एकदा दाबलं की लागला, पुन्हा दाबलं की बंद, मागच्या टोकाला रबरी बटण, हे त्यांना जमतं. दोनदा दाबा, दाबून धरा, मग लुकलुकतो, मग एसओएस करतो, असले प्रकार म्हातारी माणसं असलेल्या घरात नकोत. मागचं खटका-बटण असलं की वीज खरोखर तुटते. बाजूला मऊ इलेक्ट्रॉनिक बटण असेल तर बंद असतानाही सर्किट जागं राहून सेल थेंबथेंब पीत असतं, मग झाकण थोडं सैल करून ठेवावं लागतं आणि ते कुणाच्या लक्षात राहत नाही. मी बाबांसाठी घेऊन गेले तेव्हा त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "याला चार्जिंगचं भोक नाही ना?" मी म्हटलं, "नाही बाबा, घड्याळाचाच सेल लागतो." "मग राहू दे." एवढंच. पण तो दाराजवळच्या खिळ्याला त्यांनीच अडकवला, आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवतात की टॉर्च इथे असतो.

ती जागा ठरवणं टॉर्चइतकंच महत्त्वाचं आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आमच्या नात्यातल्या एका घरात टॉर्च होते, पण तळमजल्याच्या कपाटात. तेव्हापासून मी पूर येणाऱ्या गावातल्या सगळ्यांना सांगते की एक टॉर्च वरच्या मजल्यावर, माळ्यावर असू द्या. आणि आयपीएक्स७ लिहिलेला घ्या, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालतो. आयपीएक्स४ नुसत्या शिंतोड्यांपुरता.

आणि एक टॉर्च पुरत नाही. माणशी एक. कोकणात पावसाळ्याच्या रात्री अंगणात उतरणारं प्रत्येक पाऊल उजेडात पडलं पाहिजे, फुरसं हातभराचंसुद्धा नसतं आणि पाचोळ्याच्या रंगाचं, मण्यार रात्रीच फिरते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे, त्यातली बहुतेक खेड्यांतली आणि निम्मी पावसाळ्यात. पायात चप्पल-बूट आणि हातात टॉर्च, हा सल्ला डॉक्टर लोक वर्षानुवर्षं देतायत. मोबाईलचा टॉर्च आहे की, असं तरुण मुलं म्हणतात. पण ज्या रात्री साप चावेल त्या रात्री त्या मोबाईलवरून गाडी बोलवायची असते. त्याची बॅटरी पायाखालच्या उजेडात खर्च करायची नाही. म्हणून मी एक भारीतला टॉर्च घेण्यापेक्षा साधे चार घ्या म्हणते, चारही एकाच प्रकारच्या सेलचे, म्हणजे कुणाचाही सेल कुणालाही चालतो. पांढरा निळसर उजेड न घेता जरा पिवळसर घ्या, पाचोळ्यातला तपकिरी रंग त्यात नीट ओळखू येतो.

आईचा टॉर्च तेवढा राहिलाय. तिला हातात धरायचा नकोच आहे, तिचे दोन्ही हात कामात असतात, लाईट गेल्यावर कढईत फोडणी अर्धवट असते. डोक्याला बांधायचे बहुतेक तीन बारक्या सेलांवर चालतात, एका पेन्सिल सेलचे मिळतात पण शोधावे लागतात. ते तिला दाखवले तर म्हणाली, "तो पट्टा नको मला, केस अडकतात." मग एक काटकोनात वळलेल्या डोक्याचा बघून ठेवलाय, क्लिपने पदराला नाहीतर पिशवीच्या बंदाला लावता येतो, पेन्सिल सेलच. बटण वरच्या बाजूला आहे, ओल्या हाताने दाबता येतं का ते एकदा प्रत्यक्ष बघायचंय, मग तो मे संपायच्या आत गावी पोचवायचा.